दळणासह भाडं

२००९ साली, होळीला आठवडा राहिलेला असताना, पनवेलच्या दिवाणी न्यायालयाचा बेलिफ माझ्या आईच्या पिठाच्या गिरणीत आला आणि त्याने तिला एक नोटीस दिली. गाळ्याचं भाडं मालकाला देऊ नये, ते न्यायालयात भरावं, किंवा का भरणार नाही हे तारखेला हजर राहून सांगावं, असं तिच्यात लिहिलं होतं.

कर्ज आईचं नव्हतं, मालकाचं होतं. त्याने घरामागे इमारत बांधायला घेतली, कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडून लोखंड उचललं आणि पैसे दिले नाहीत. व्यापारी कोर्टात गेला आणि हुकूमनामा त्याच्या बाजूने झाला. मालकाच्या बँकेतल्या खात्यात उचलण्यासारखं काही सापडलं नाही. तेव्हा त्याचे पैसे दुसऱ्या कोणाकडे पडून आहेत का, याचा शोध व्यापाऱ्याच्या वकिलाने घेतला. ते आमच्याकडे होते.

आमच्याकडे असण्याचं कारण जुनं होतं. वडील गेल्यावर आईने गिरण टाकली तेव्हा गाळा आत्ताच्या मालकाच्या वडिलांनी दिला होता. ती शेतकरी माणसं. शहर त्यांच्या गावाला येऊन भिडलं तशी त्यांनी रस्त्याच्या कडेला गाळे काढले, पण देण्याघेण्याची पद्धत शेतीचीच राहिली. भात झोडून झालं की वर्षाचे सगळे व्यवहार होळीला मिटवायचे. त्यामुळे आईचं भाडंही वर्षाचं एकदम, होळीला. त्याच दिवशी नव्या वर्षाचा करार स्टॅम्पपेपरवर व्हायचा. आणखी एक गोष्ट तोंडी ठरली होती. मालकाच्या घरचं दळण आईने फुकट द्यायचं आणि त्याबदली भाडं थोडं कमी. ही गोष्ट स्टॅम्पपेपरवर कधी आली नाही.

शेजारच्या गाळ्यातला टेलर नंतर आलेला. तो दर महिन्याला भाडं देत असे, म्हणून त्याच्याकडे मालकाचं काही साचलेलं नव्हतं. नोटीस फक्त आईला आली.

कर्जदाराचे पैसे ज्याच्या हातात असतात अशा तिसऱ्या माणसाला कायद्यात गार्निशी म्हणतात. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. कोर्टाच्या बातम्या माझ्या टेबलावरून जायच्या, तरी हा शब्द मला शोधून काढावा लागला. आईने तो कधी उच्चारला नाही. ती ‘मधला माणूस’ म्हणायची.

बेलिफ आला तेव्हा गिरणीत सकाळचा तांदूळ चालू होता. आमच्याकडे तांदूळ आधी आणि गहू नंतर, असा क्रम असे. भाकरीच्या पिठात गव्हाचा अंश आला तर भाकरी नीट थापली जात नाही. त्या वेळी दगडांवर असलेला तांदूळ मालकाच्याच घरचा होता, नेऱ्याकडच्या त्यांच्या शेतातला. मालकाची बायको, जिला आई वहिनी म्हणे, डब्याशेजारी उभी होती. त्यांचा डबा रोज पहिला लागायचा.

“मशीन बंद करा,” बेलिफ ओरडला.

“दाणा दगडात आहे. आता थांबवली तर मोटर परत उचलणार नाही. थांबा जरा.”

बेलिफ थांबला. मालकाचं फुकटचं दळण संपल्यावर त्याने मालकाच्या भाड्यावरची नोटीस दिली. हे त्याला माहीत नव्हतं. त्याने आईला विचारलं, यंदाचं भाडं दिलंय की द्यायचंय. आई म्हणाली, द्यायचंय.

“कोणी तक्रार केली का माझी?”

“तक्रार नाही हो बाई. जप्ती आहे.”

जप्ती हा एकच शब्द रांगेतल्या बायकांनी उचलला. दुपारपर्यंत गिरण जप्त झाल्याची बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि लोक आपापले डबे परत न्यायला आले. एका बाईने न दळलेली ज्वारी उचलली आणि म्हणाली, “माझी ज्वारी कशाला कोर्टात जाऊ देऊ?” आईने तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि पुन्हा रांगेत ठेवला. “जप्ती माझ्यावर नाही. मालकाच्या पैशावर आहे. तुमची ज्वारी संध्याकाळी न्या.”

मालक संध्याकाळी आला. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, त्यामुळे हे समोर घडलं.

“ताई, तो कोर्टाचा मानूस आला होता म्हनं.”

“आला होता. हा कागद. वाचा.”

त्याने कागद हातात घेतला नाही. “भांडन माझा न् त्या शेटचा हाय. तुमी कशाला मधे पडता?”

“मी पडले नाही, दादा. मला मधे उभं केलंय.”

तो गव्हाच्या पोत्यावर बसला. होळीला पैसा लागतो, गवंडी रोज दारात उभा राहतो, असं सांगितलं. मग त्याने तोडगा काढला. “असं करू. मागल्या महिन्याची तारीख घालून वर्षाची पावती लिवून देतो. पैसे तुमी मला आदीच दिलंत. कोर्टाला सांगायचं, माझ्याकडं काय नाय. संपला विषय. आन् करार या वर्षी पाच वर्षांचा करून टाकू.”

पाच वर्षांचा करार ही आईची जुनी मागणी होती. दरवर्षी होळीच्या आधी महिनाभर ती धास्तीत असे. गिरण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पाया काढायचा, तीन फेजची वीज घ्यायची, आणि गिऱ्हाईक तर डबा उचलून चालत येईल एवढ्याच अंतरातलं.

“बेलिफाने विचारलं, भाडं दिलं का,” आई म्हणाली. “मी म्हटलं, द्यायचंय. रांगेत बायका होत्या.”

“बायका काय कोर्टात साक्ष द्यायला येनार हायत?”

“तुमची बायको होती त्यात.”

टेलर त्याच्या दारात उभा राहून ऐकत होता, तो हसला. मालक उठला.

“गाळा माझा हाय, ताई. मीटर माझ्या नावावर हाय. होळीला कागद मी करायचा हाय. ध्यानात ठेवा.”

“ठेवलंय.”

“मग?”

“मग भाडं कोर्टात भरणार.”

तो गेल्यावर मी आईला कायदा सांगितला, मला समजला होता तेवढा. न्यायालयात भरलं तर मालकाला दिल्यासारखंच धरतात, तो पुन्हा मागू शकत नाही. मालकाच्या हातात दिलं तर न्यायालय तिच्याकडून परत वसूल करू शकतं. आईने विचारलं, “आणि गाळा खाली कर म्हणाला तर?” तो वेगळा दावा होईल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “मग तो वेगळा लढू. दोनदा भाडं द्यायला माझ्याकडे नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मी पाहिलं नाही. ते टेलरने सांगितलं आणि आईने नाकारलं नाही.

वहिनी नेहमीप्रमाणे तांदळाचा डबा घेऊन आल्या आणि डबा पहिल्या जागी ठेवला. आईने तो उचलून वजनकाट्यावर ठेवला. वहिनींचा डबा काट्यावर चढण्याची ही पहिलीच वेळ होती.

“ताई, काटा कशाला?”

“वहिनी, तुमचं दळण भाड्यात धरलेलं आहे. भाडं तुम्हाला द्यायला मनाई आहे.”

“मंजे पीठ पन जप्त केलंत?”

“पीठ तुमचंच. दळायचे पैसे द्यावे लागतील.”

“सासऱ्यांनी जागा दिली तवा हातापाया पडत होता तुमी.”

“पडत होते. म्हणून तर ठरलेलं सगळं पाळते.”

“तुमचा कोर्ट येनार हाय का आमच्या चुलीवर भाकऱ्या थापायला?” वहिनींनी डबा काखेत मारला आणि हायवेपलीकडच्या गिरणीकडे निघाल्या. जाताना टेलरला म्हणाल्या, “तू पन मोज आता. बटनं मोजून दे.”

त्याच दुपारी गिरण बंद पडली. मीटरच्या पेटीतले फ्यूज काढलेले होते. पेटी मालकाच्या जिन्याखाली, कुलपात.

त्या वर्षी होळीच्या दिवशी नवा करार झाला नाही. आई गेल्या वर्षीचा स्टॅम्पपेपर घेऊन मालकाच्या दारात गेली, त्याने दार उघडलं नाही, ती परत आली. पुरणपोळीच्या गव्हासाठी वर्षातली सर्वांत मोठी गर्दी त्या आठवड्यात व्हायची. ती सगळी गर्दी दुसऱ्या गिरणीवर गेली. टेलर म्हणाला, “काकू, माझ्याकडून वायर ओढा.” आई म्हणाली, “तुझ्या मीटरवर माझी मोटर लावली तर तुझं शिलाई मशीनही जाईल. राहू दे.” गिरण बंदच आहे तर दगडांना टाकी लावून घ्यावी, म्हणून तिने टाकीवाल्याला बोलावलं. तो दिवसभर बसून छिन्नीने दगडांच्या खाचा पुन्हा काढत होता. आई त्याच्याशेजारी बसून पट्टा घट्ट करत होती. येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, “तारीख झाली की चालू होईल.” कोणती तारीख, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

वकील तहसील कचेरीजवळ बसणारे होते. त्यांनी नोटीस वाचली, स्टॅम्पपेपर वाचला आणि काम सोपं आहे म्हणाले. कागदावर लिहिलंय तेवढं भाडं भरायचं, पावती घ्यायची, मोकळं व्हायचं. आईने दळणाचं सांगितलं. ते म्हणाले, “ते काढूच नका. ते कागदावर नाही. उगाच फाटा फुटेल.”

“पण ते भाडंच आहे.”

“कोणाला माहीत आहे?”

“सगळ्या गल्लीला. उद्या वहिनी परत आल्या आणि मी फुकट दळलं, तर तो व्यापारी म्हणेल, ही मागच्या दाराने मालकाला भाडं देते. मग?”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. अर्ज पुन्हा लिहिला गेला, दळणासह.

तारखेला मी आईबरोबर गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात व्यापाऱ्याचा माणूस, त्याचा वकील आणि मालक एकाच बाकावर बसले होते, कारण दुसरा बाक मोडका होता. मालकाने आईकडे पाहिलं नाही. व्यापाऱ्याच्या माणसाने आईला नमस्कार केला आणि म्हणाला, “आमचं तुमच्याशी काही नाही हां, ताई.” आई म्हणाली, “माझंही नाही. म्हणूनच तर आलेय.”

पुकारा झाला. आमच्या वकिलांनी भाडं भरायची तयारी दाखवली. दळणाचा उल्लेख आला तेव्हा न्यायाधीशांनी वर पाहिलं.

“हे दळण म्हणजे काय? शेजारधर्म की भाडं?”

वकील बोलायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि आईला विचारलं.

“भाडं, साहेब,” आई म्हणाली. “जागा घेताना तेवढं कमी करून पैसे ठरवले होते.”

व्यापाऱ्याच्या वकिलाने लगेच मागणी केली की सबंध वर्षाच्या दळणाची किंमत काढावी आणि तीही भरायला लावावी. आमच्या वकिलांनी आईकडे एक नजर टाकली. फाटा फुटला होता. वर्षाच्या दळणाचे पैसे वेगळे भरायचे तर आईला कर्ज काढावं लागलं असतं.

न्यायाधीशांनी मालकाला विचारलं. “दळण घेत होता का?”

“घेत होतो, साहेब. पन ते घरगुती.”

“नोटीस निघायच्या आधी घेतलंत?”

“आदीच. नंतर कुठं देतात त्या. काट्यावर ठेवला डबा आमचा.”

कोर्टात दोन-तीन वकील हसले. मालकाने आपल्याच तोंडून दोन गोष्टी सांगितल्या होत्या: दळण त्याला आधीच मिळालं होतं, आणि नोटिशीनंतर आईने काहीही दिलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी हे दोन्ही लिहून घेतलं. नोटिशीआधी घेतलेलं दळण हे मालकाला पोचलेलं भाडं आहे, ते आईकडे शिल्लक नाही, त्याची किंमत तिने भरायची नाही. पैशातलं भाडं तिने भरावं. यापुढे हुकूमनाम्याची रक्कम फिटेपर्यंत मालकाच्या घरचं दळण भाड्यापोटी करू नये.

मग आमच्या वकिलांनी विजेचं सांगितलं.

“साहेब, फ्यूज उडाला होता,” मालक म्हणाला.

“मग बसवा. उद्या सकाळपर्यंत बसला नाही तर या बाईंचा वेगळा अर्ज मी ऐकून घेईन.”

आईने त्याच दिवशी नाझरच्या, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर वर्षाचं भाडं भरलं आणि पावती घेतली. बाहेर आल्यावर तिने पावती दोनदा वाचली आणि मला विचारलं, “यावर त्याचं नाव कुठे आहे?” मी बोट ठेवून दाखवलं. मग ती रिक्षात बसली.

फ्यूज रात्रीच बसवले गेले. सकाळी आईने बटण दाबलं, मोटर उचलली. टाकी लावलेल्या दगडांतून पहिल्यांदा थोडे टाकाऊ तांदूळ काढले. ते पीठ कोणाला द्यायचं नसतं, त्यात दगडाची कच असते. ते फेकून मग तिने रांगेतला पहिला डबा घेतला.

वहिनी काही आठवड्यांनी परत आल्या. हायवेपलीकडच्या गिरणीत गव्हावरच तांदूळ टाकतात, भाकऱ्या फुटतात, असं त्यांनी टेलरला सांगितलं. आईला काही सांगितलं नाही. डबा त्यांनी रांगेच्या शेवटी ठेवला, नंबर आल्यावर स्वतः काट्यावर चढवला आणि सुटे पैसे काट्याच्या पत्र्यावर आपटले. “घ्या. कोर्टाचा नैवेद्य.” आईने पैसे मोजले आणि एक रुपया परत दिला. “जास्त आहे, वहिनी.” हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. पैसे आपटायचा आवाज हळूहळू कमी झाला असं टेलर म्हणायचा. मला तो फरक जाणवला नाही.

करार त्या काळात झाला नाही. मालकाने गाळा खाली करण्याची एक नोटीस वकिलामार्फत पाठवली. भाडं थकलंय, असं तिच्यात कारण होतं. आईने नाझरच्या पावतीची प्रत उत्तरात जोडली. त्यानंतर दावा आला नाही. तरी ती रोज सकाळी गिरण उघडण्याआधी मीटरच्या पेटीकडे पाहून यायची. पेटीचं कुलूप नवीन होतं.

पुढच्या होळीला दुसरी नोटीस आली. बेलिफ तोच होता. या वेळी त्याने मशीन बंद करायला सांगितलं नाही, दाराबाहेर उभा राहिला आणि दाणा संपल्यावर आत आला. आईने दुसऱ्या वर्षाचं भाडं भरलं. दोन वर्षांच्या भाड्याने लोखंडाचे सगळे पैसे फिटणारे नव्हतेच. उरलेले मालकाने भरले, शहरासाठी गेलेल्या शेतीच्या बदल्यात वाट्याला आलेल्या एका प्लॉटमधला हिस्सा विकून. इमारत तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावर थांबलेली होती, वर सळ्या उघड्या. त्या कळंबोलीच्याच सळ्या.

तिसऱ्या होळीच्या आदल्या दिवशी मालक गिरणीत आला. मी घरी होते. हातात कोरा स्टॅम्पपेपर होता.

“ताई, झाला सगळा. फिटला. आता भाडं मला द्या.”

“नक्कल आणलीत?”

“कसली?”

“कोर्टाने लिहिलं असेल ना, फिटलं म्हणून. त्याची.”

“माझ्यावर विश्वास नाय?”

“आहे. पण मला भरायला कोर्टाने सांगितलं होतं. थांबायलाही कोर्टानेच सांगायला पाहिजे.”

तो टेलरकडे वळला. “बघ रे. मी मालक हाय का ह्या?”

टेलर म्हणाला, “मला विचारू नका, दादा. मी महिन्याचं देतो.”

मालक गेला. होळी झाली, आईने भाडं दिलं नाही. वर्षाचे पैसे बँकेत तसेच ठेवले. नकलेला अर्ज करावा लागतो, मुद्रांक लावावा लागतो, रांग असते. रंगपंचमी झाल्यावर तो पुन्हा आला आणि शिक्का असलेला कागद आईच्या समोर ठेवला. दरखास्त, म्हणजे व्यापाऱ्याचा वसुलीचा अर्ज, पूर्ण फिटल्याने निकाली काढण्यात आली आहे, असं त्यावर होतं. आईने तो मला वाचायला दिला. मी वाचला आणि बरोबर आहे म्हणाले. तिने तो परत घेतला आणि स्वतः वाचला.

मग तिने टेलरच्या समोर वर्षाचं भाडं मालकाच्या हातात दिलं आणि पावती घेतली. मालकाने स्टॅम्पपेपर पुढे केला. मुदतीची जागा कोरी होती.

“किती घालू?”

“पाच म्हणाला होतात.”

“ते तवा म्हनलो होतो. पावतीच्या बदल्यात.”

“पावती आता घेतलीच की मी.”

 मालकाने टेलरकडून पेन मागून घेतलं आणि पाच लिहिलं. दळणाचं काय, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, “तेही लिहा या वेळी.” त्याने लिहिलं. टेलरने साक्षीदार म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तांदळाचा डबा घेऊन आल्या, रांगेत शेवटी उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर नेहमीप्रमाणे डबा काट्यावर ठेवला. आईने काट्याकडे न बघता डबा खाली उतरवला आणि तांदूळ गिरणीत ओतला. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांचा डबा पहिला लागला.